फाईल उघडत नाही म्हणजे नक्की काय उघडत नाही?

या वेळी आलेली पत्रं वाचताना मला सारखं वाटत होतं की एकच माणूस वेगवेगळ्या नावांनी लिहितोय. कुणाची फाईल सॉफ्टवेअरमध्ये येतच नाही, कुणाची येते पण मुकी येते, कुणाची येते, बोलते, पण चालताना लंगडते, आणि सगळ्यांचा प्रश्न मात्र एकच, ‘दादा, कुठला कन्व्हर्टर वापरू?’ कन्व्हर्टर सांगतो, पण जरा थांबून. आधी फाईलच्या पोटात काय आहे ते बघू.

प्रश्न : माझ्याकडे जुना हँडीकॅम आहे, त्याच्या फाईल्स एमटीएस असतात. एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये टाकल्या तर चित्र दिसतं पण आवाज नाही. म्हणून एका फ्री कन्व्हर्टरने सगळ्या एमपी४ केल्या, तर आवाज आला पण चित्र मेणचट झालं, आणि मोठ्या कार्यक्रमाचं शूटिंग चार-पाच तुकड्यांत आलंय, प्रत्येक जोडाला आवाज किंचित तुटतो. काय चुकलं?

ताई, दोन गोष्टी चुकल्या, आणि दोन्हींत तुमचा दोष फारसा नाही, कारण हे कुणी नीट सांगतच नाही.

एमटीएस, एमपी४, एमओव्ही, एमकेव्ही ही सगळी पाकिटं आहेत. आतलं पत्र वेगळं, आणि ते पत्र ज्या भाषेत लिहिलंय तिला म्हणायचं कोडेक. तुमच्या हँडीकॅमची पद्धत म्हणजे एव्हीसीएचडी, सोनी आणि पॅनासॉनिकने मिळून २००६ मध्ये आणली, आणि तिच्यातल्या चित्राची भाषा एच.२६४, म्हणजे आजच्या बहुतेक एमपी४ मध्ये असते तीच! म्हणजे तुमच्या सॉफ्टवेअरला चित्राची भाषा येत होतीच, म्हणून तर चित्र दिसलं. अडलं ते आवाजापाशी, कारण एव्हीसीएचडीत आवाज बरेचदा डॉल्बी एसी-३ मध्ये असतो आणि तो काही सॉफ्टवेअरना वाचता येत नाही. आणि तुमच्या कन्व्हर्टरने काय केलं, तर चांगलं वाचता येणारं अख्खं पत्र उगाच पुन्हा लिहून काढलं, तेही घाईघाईत, कमी बिटरेटवर (सेकंदाला कमी डेटा वापरून). मेणचट दिसणारच की.

करायचं होतं ते रिरॅप. म्हणजे चित्राला हात न लावता फक्त पाकीट बदलायचं आणि आवाज तेवढा साध्या पीसीएममध्ये (वेव्ह फाईलमध्ये असतो तो) करून घ्यायचा. शटर एन्कोडर नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात रिरॅप असंच फंक्शन आहे, आत काम एफएफएमपेग (व्हिडिओ फाईल्स बदलणारं फुकट सॉफ्टवेअर) करतं. एक तासाचं फुटेज काही मिनिटांत होतं, कारण नव्याने काहीच कॉम्प्रेस होत नसतं, हार्डडिस्कवर कॉपी व्हायला लागतो साधारण तेवढाच वेळ. क्वालिटी किती कमी होते? शून्य. आणि फाईलचं नाव बदलून पुढे एमपी४ लिहिणं म्हणजे रिरॅप नव्हे हो, तसंही एकाने केलंय आणि वर मला विचारलंय की चालत का नाही.

आता तुकड्यांचं. मेमरी कार्ड फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेलं असलं तर त्यावर एक फाईल ४ जीबीच्या पुढे जाऊ शकत नाही, म्हणून कॅमेरा मध्येच फाईल बंद करून लगेच पुढची सुरू करतो. हे तुकडे एकाच शॉटचे आहेत ही माहिती कार्डावरच्या बाकीच्या छोट्या छोट्या फाईल्समध्ये असते. आपण काय करतो, स्ट्रीम नावाच्या फोल्डरमधून फक्त जाड फाईल्स उचलतो, बाकीचा कचरा समजून सोडून देतो आणि मग कार्ड फॉरमॅट. यापुढे कार्डावर सगळ्यात वर जो प्रायव्हेट नावाचा फोल्डर दिसतो तो जसाच्या तसा, आतलं काहीही न हलवता कॉपी करा, आणि प्रीमियरसारख्या सॉफ्टवेअरमध्ये फाईल ओढून टाकण्याऐवजी त्याच्या मीडिया ब्राउझरमधून आत घ्या, म्हणजे तुकडे सलग एक क्लिप म्हणून येतात. आधीच्या कार्यक्रमाचं कार्ड पुसलं असेल तर मात्र प्रत्येक जोडावर आवाजाची छोटीशी क्रॉसफेड (एक तुकडा हळू उतरतो, दुसरा हळू चढतो) देत बसणं आलं.

प्रश्न : नवीन मिररलेस कॅमेरा घेतला. ४के, १०-बिट, ४:२:२, एच.२६५. कॉम्प्युटरला तगडं ग्राफिक्स कार्ड आहे, गेम लोण्यासारखे चालतात, पण टाइमलाईनवर हे फुटेज टाकलं की स्लाईड शो. कार्ड खराब आहे का?

कार्ड ठणठणीत असेल. दुखणं दुसरीकडे आहे, आणि हे मला जरा सविस्तर सांगू द्या कारण अर्ध्या पत्रांचं उत्तर यातच आहे.

जुन्या सरकारी नोंदवहीत बघा, पहिल्या ओळीत पूर्ण मजकूर आणि खाली नुसतं ‘वरीलप्रमाणे’, ‘वरीलप्रमाणे’. जागा वाचते, पण चाळिसावी ओळ वाचायची तर बोट वर वर नेत पहिल्या ओळीपर्यंत जायला लागतं. एच.२६४ (२००३ चं) आणि एच.२६५ (२०१३ चं) कॅमेऱ्यात बहुतेक वेळा याच पद्धतीने लिहितात. अधूनमधून एक पूर्ण फ्रेम, आणि मधल्या फ्रेम्समध्ये फक्त काय बदललं तेवढं, त्यातही काही फ्रेम्स अशा की त्यांना मागचीही फ्रेम लागते आणि पुढचीही. नुसता व्हिडिओ बघायचा असेल तर काही बिघडत नाही, आपण सरळ पुढेच जात असतो. पण एडिटिंगमध्ये आपण काय करतो? मागे जातो, पुढे उडी मारतो, तीच जागा दहा वेळा घासतो. प्रत्येक वेळी बिचाऱ्या कॉम्प्युटरला वही वरपासून वाचायला लागते.

हे वाचायला ग्राफिक्स कार्डात वेगळी चिप असते, गेम चालवणाऱ्या भागाशी तिचा संबंध नाही, आणि मेख इथेच आहे. एनव्हिडियाच्या कार्डांतली ती चिप बरीच वर्षं ४:२:० वाचायची, ४:२:२ नाही (हे आकडे रंगाची माहिती किती ठेवली ते सांगतात, ४:२:२ मध्ये ती जास्त), ते आरटीएक्स ५० सिरीजपासून म्हणजे २०२५ पासून यायला लागलं. उलट इंटेलच्या ११व्या पिढीपासूनच्या प्रोसेसरमधले बिल्ट-इन ग्राफिक्स आणि ॲपलच्या एम सिरीजच्या चिप्स हे आधीपासून वाचतात. म्हणून तुमच्या महागड्या कार्डापुढे साधा लॅपटॉप हे फुटेज भराभर चालवून दाखवतो आणि माणूस चक्रावतो. प्रोसेसर इंटेलचा असेल तर आधी बायोसमध्ये (कॉम्प्युटर सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) बिल्ट-इन ग्राफिक्स बंद करून ठेवलेत का बघा आणि एडिटिंग सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये हार्डवेअर डिकोडिंग चालू आहे का तेही. कदाचित तेवढ्यावरच भागेल.

नाही भागलं तर दोन रस्ते. पहिला, सगळं फुटेज प्रोरेस किंवा डीएनएक्सएचआर या कोडेकमध्ये ट्रान्सकोड करायचं, म्हणजे पुन्हा लिहून काढायचं. या भाषांत प्रत्येक फ्रेम पूर्ण लिहिलेली, ‘वरीलप्रमाणे’ नाहीच, त्यामुळे टाइमलाईन सुसाट. पण जागा! ४के २५ फ्रेम्सला प्रोरेस ४२२ म्हणजे सेकंदाला साधारण ४९२ मेगाबिट, तासाला जवळपास २२० जीबी. तुमचा कॅमेरा १०० मेगाबिटवर शूट करत असेल तर तेच फुटेज ४५ जीबीत बसलेलं असतं. तीन तासांच्या शूटिंगला काय होईल हिशोब करा.

दुसरा रस्ता प्रॉक्सी, आणि माझं मत विचाराल तर दहापैकी आठ जणांनी हाच घ्यावा. छोटी डमी फाईल, १०८० ची, प्रोरेस प्रॉक्सीमध्ये, तासाला १७ जीबीच्या आसपास. कापाकापी तिच्यावर करायची, आणि शेवटी एक्सपोर्टला सॉफ्टवेअर आपोआप मूळ फाईल घेतं. प्रीमियर, रिझॉल्व्ह, फायनल कट तिघांतही सोय आहे. फक्त प्रॉक्सी त्या सॉफ्टवेअरच्या आतूनच बनवा. बाहेर बनवायच्या असतील तर फ्रेम रेट, टाइमकोड (प्रत्येक फ्रेमवरची वेळेची नोंद), ऑडिओ चॅनल किती आणि फाईलचं नाव सगळं मूळ फाईलशी तंतोतंत जुळलं पाहिजे, नाहीतर जोडताना रडकुंडीला याल. आणि रंगकाम करताना प्रॉक्सी बंद करून मूळ फुटेज बघा, डमीवर रंग लावत बसू नका.

ट्रान्सकोडच करायचं ठरलं तर एक खड्डा दाखवून ठेवतो, मी स्वतः पडलोय म्हणून. डीएनएक्सएचआरमध्ये एचक्यू आणि एचक्यूएक्स अशी दोन नावं शेजारी शेजारी दिसतात. एचक्यू ८-बिट, एचक्यूएक्स १०-बिटवालं. मी एकदा रात्रभर बॅच लावून अख्खं लॉग फुटेज (नंतर रंगकाम करायचं म्हणून मुद्दाम फिकट घेतलेलं) एचक्यूमध्ये काढलं, म्हणजे प्रत्येक रंगाच्या १०२४ पायऱ्यांच्या २५६ केल्या, सकाळी जागा कमी पडते म्हणून मूळ फाईल्स उडवल्या, आणि रंगकामाला बसलो तर आकाशात पट्टेच पट्टे. त्याच बॅचमध्ये फ्रेम रेटचं खातं २५ वर राहिलं होतं, त्यामुळे ५० फ्रेम्सवर मुद्दाम घेतलेले स्लो मोशनचे शॉट्सही निम्मे होऊन आलेले. तेव्हापासून फ्रेम रेट आहे तोच ठेवतो, आणि मूळ फाईल्स काम हातावेगळं होईपर्यंत दोन ठिकाणी असतात.

प्रश्न : हँडब्रेकमध्ये प्रोरेस कुठे सापडत नाही. माझं व्हर्जन जुनं आहे का?

असेलही, पण हँडब्रेकच्या बऱ्याच व्हर्जन्समध्ये ते नाहीच. हँडब्रेक तयार व्हिडिओ लहान करायला बनवलंय, मुख्यतः एमपी४, एमकेव्ही नाहीतर वेबएम काढतं. प्रोरेस, डीएनएक्सएचआर पाहिजे तर शटर एन्कोडर किंवा एफएफएमपेग, किंवा रिझॉल्व्हमधूनच काढा. हँडब्रेक फेकून देऊ नका मात्र, पुढच्या प्रश्नाला लागणार आहे.

प्रश्न : मोबाईलवर मुलाखत शूट केली, आवाज वेगळ्या रेकॉर्डरवर घेतला. सुरुवातीला टाळी वाजवून जुळवलं तर छान जुळलं, पण दहा मिनिटांनी ओठ एकीकडे आणि शब्द दुसरीकडे. क्लिप पुढे सरकवली तर सुरुवात बिघडते. वेड लागायची पाळी आलीये.

लागू देऊ नका. मोबाईल जेव्हा ३० फ्रेम्स म्हणतो तेव्हा तो ‘साधारण तीसेक’ म्हणत असतो. उजेड कमी झाला, फोन तापला की तो गुपचूप फ्रेम्स कमी घेतो, पुन्हा वाढवतो. याला व्हेरिएबल फ्रेम रेट म्हणतात. आता समजा सरासरी २९.८ पडली आणि सॉफ्टवेअरने सरळ ३० धरून फ्रेम्स मांडल्या, तर दहा मिनिटांत चित्र ४ सेकंद पुढे पळालेलं असतं. म्हणूनच एका जागी जुळवलं की दुसरीकडे सुटतं. प्रीमियरसारखी आताची सॉफ्टवेअर हे बऱ्यापैकी सांभाळून घेतात, पण बऱ्यापैकीच.

आधी खात्री करा. मीडियाइन्फो नावाचं फुकट, छोटंसं सॉफ्टवेअर आहे, फाईल त्यात टाका, फ्रेम रेट मोडपुढे व्हेरिएबल लिहिलेलं दिसलं की चोर सापडला. (हे सॉफ्टवेअर प्रत्येकाने ठेवावंच. मला पत्र लिहिताना ‘फाईल चालत नाही’ एवढंच न लिहिता त्यात काय दिसतं ते लिहिलंत तर माझे केस जरा उशिरा पांढरे होतील.) मग हँडब्रेकमध्ये फाईल घ्या, फ्रेम रेट ‘सेम ॲज सोर्स’वर न ठेवता ३० निवडा, शेजारी कॉन्स्टंट फ्रेमरेटवर टिक करा, क्वालिटीचा जो आरएफ आकडा असतो तो १६ ते १८ ठेवा. त्या आकड्याचं उलटं आहे, जितका कमी तितकी क्वालिटी चांगली. इथे रिरॅप करून भागत नाही बरं का, कारण फ्रेम्सच नव्याने मांडायच्यात, पुन्हा लिहिणं आलंच. आणि हे एडिटिंग सुरू करायच्या आधी करा, अर्धी टाइमलाईन कापून झाल्यावर फाईल बदलली तर सगळे कट इकडेतिकडे होतील. नव्या फाईलवर पुन्हा टाळी जुळवा आणि मुलाखतीच्या शेवटाला जाऊन ओठ बघा. तिथे अजूनही थोडासा, एखाद-दोन फ्रेमचा फरक उरलाच तर तो फोन आणि रेकॉर्डरच्या घड्याळांतला, लांब रेकॉर्डिंगमध्ये येतोच, मध्ये एखाद्या शांत जागी आवाज कापून सरकवला की कळतही नाही.

पुढच्या वेळी फोनवर एखादं असं कॅमेरा ॲप वापरा ज्यात फ्रेम रेट लॉक करता येतो. आयफोनवाल्यांनी सेटिंगमध्ये कॅमेरा, त्यात फॉरमॅट्स, तिथे ‘मोस्ट कॉम्पॅटिबल’ निवडलं की नेहमीचं शूटिंग एच.२६५ ऐवजी एच.२६४ मध्ये होतं, जुन्या कॉम्प्युटरला बरं पडतं. व्हेरिएबलचा प्रश्न मात्र त्याने सुटत नाही, दोन्ही वेगळी दुखणी आहेत.

प्रश्न : ओबीएसवर स्क्रीन रेकॉर्ड केलं, एमकेव्ही फाईल प्रीमियर घेतच नाही. पुन्हा रेकॉर्ड करू का?

अजिबात नको. ओबीएसच्याच फाईल मेन्यूत रीमक्स रेकॉर्डिंग्ज आहे (म्हणजे वरचं रिरॅपच), तिथे फाईल टाका, एमपी४ बाहेर येते, चित्राला धक्का नाही. आणि एमकेव्हीवर चिडून साध्या एमपी४ मध्ये रेकॉर्ड करायला जाऊ नका. मध्येच वीज गेली तर साधी एमपी४ अख्खी जाते, कारण तिची अनुक्रमणिका शेवटी लिहिली जाते, आणि एमकेव्ही जिथपर्यंत झाली तिथपर्यंत शाबूत राहते.

प्रश्न : लिनक्सवर फ्री रिझॉल्व्ह टाकलं. माझी कुठलीच एमपी४ उघडत नाही, ऑनलाईन सगळे लिंबूटिंबू म्हणून चिडवतायत.

चिडवू द्या. लिनक्सवरच्या फ्री रिझॉल्व्हमध्ये एच.२६४, एच.२६५ वाचायची सोय दिलेली नाही, तुमच्या हातून काही बिघडलेलं नाही. शटर एन्कोडरमधून डीएनएक्सएचआर काढा, आवाज पीसीएममध्ये, पाकीट एमओव्ही. ८-बिट फुटेज असेल तर एसक्यू किंवा एचक्यू पुरे, १०-बिट असेल तर वरचा माझा किस्सा आठवा.

प्रश्न : वडिलांच्या जुन्या जेव्हीसी कॅमेऱ्यातल्या एमओडी फाईल्स कशानेच उघडत नाहीत, कुठला कन्व्हर्टर घेऊ?

आत साधं एमपेग-२ आहे. मघाशी नाव बदलून काही होत नाही म्हणालो ना, इथे होतं, एमओडीच्या जागी एमपीजी लिहा आणि उघडून बघा. सगळे बारीक आणि उंच दिसले तर सॉफ्टवेअरमध्ये क्लिपचा आस्पेक्ट रेशो १६:९ करा, कॅमेऱ्याने ती नोंद वेगळ्या फाईलमध्ये ठेवलेली असते आणि ती बहुतेक मागेच राहिली.