स्कायरिममधून स्पेलमेकिंग का काढलं? तो निर्णय बरोबर होता का?

तुम्ही लिहिलंय की ऑब्लिव्हियन रिमास्टर्ड या गेममध्ये स्वतःचे स्पेल (जादूचे मंत्र) बनवायची, म्हणजे स्पेलमेकिंगची, चटक लागली, मग त्याच मालिकेतला स्कायरिम घेतला तर तिथे ती सोयच नाही, आणि नंतरच्या गेममध्ये आधीपेक्षा कमी कसं काय. रिमास्टर्ड 2025 चा असला तरी मूळ ऑब्लिव्हियन 2006 चा आणि स्कायरिम 2011 चा, त्यामुळे तुमचा प्रश्न अगदी रास्त आहे. मला काढण्यामागचं कारण पटतं, पण पूर्ण काढून टाकणं अजिबात पटत नाही. आणि सगळ्यात जास्त फटका बसला तो डिस्ट्रक्शन, म्हणजे आग-बर्फ-वीज फेकून मारायची जादू, खेळणाऱ्यांना.

एल्डर स्क्रोल्स या सिरीजमध्ये स्पेलमेकिंग पहिल्यापासून होतं, अरीना (1994), डॅगरफॉल (1996), मॉरोविंड (2002), ऑब्लिव्हियन, चारही गेममध्ये. मॉरोविंडमध्ये तर गेम स्वतःच तुम्हाला ती खोड लावतो. सेडा नीन गावातून बाहेर पडून रस्त्याने थोडं पुढे गेलं की आकाशातून किंचाळत एक माणूस खाली येतो आणि धाडकन आपटून मरतो. त्याच्याकडे सापडतात त्याने स्वतः बनवलेले स्क्रोल, ॲक्रोबॅटिक्स (उडी मारायचं कौशल्य) 1000 ने वाढवणारे पण फक्त 7 सेकंद. म्हणजे उडी अर्ध्या नकाशापर्यंत जाते पण जमिनीवर टेकायच्या आधीच असर संपतो आणि जीव जातो. आता हे बघितल्यावर डोक्यात चक्र सुरू होतंच की याने उतरायची सोय का नाही केली? मग तुम्ही जादूगारांच्या गिल्डमध्ये (संघात) जाऊन स्वतःचा स्पेल बांधता, जंप फक्त 1 सेकंद कारण ती पाय उचलतानाच लागते, आणि सोबत स्लोफॉल (हळू खाली पडणं) थोडे जास्त सेकंद म्हणजे खाली येताना हाडं मोडत नाहीत, आणि हे सगळं थोडक्या मॅजिकात (जादूसाठी खर्च होणाऱ्या शक्तीत). स्पेलमेकिंगची खरी मजा ही होती, गेमचे नियम समजून घेऊन त्यातून आपली युक्ती काढायची.

ऑब्लिव्हियनमध्ये लेव्हिटेशन (हवेत उडणं) गेलं, कारण शहरं लोडिंगच्या दारामागे वेगळी ठेवलेली, भिंतीवरून उडून गेलात तर आत खरं शहर नसतंच. जंप गेली, मार्क-रिकॉल (एक जागा खूण करून ठेवायची आणि हवं तेव्हा तिथे परत पोचायचं) गेलं. म्हणजे फिरण्याच्या, पळण्याच्या, वाट काढण्याच्या युक्त्या बऱ्याचशा संपल्या आणि उरलं काय तर मुख्यतः मारामारीचे आकडे. ड्रेन हेल्थ (शत्रूची हेल्थ तात्पुरती कमी करणारा स्पेल) 100, वेळ 1 सेकंद, ज्याची हेल्थ 100 च्या आत तो जागेवर आडवा आणि मॅजिका लागतो किरकोळ. नाहीतर वीकनेस टू मॅजिक आणि वीकनेस टू फायर (जादू आणि आगीपुढे शत्रूला कमकुवत करणारे असर) घालून दोन वेगळ्या नावांचे स्पेल करायचे आणि आलटून पालटून मारायचे, प्रत्येक फटक्याला आधीचा असर नंतरच्याला वाढवत जातो. तुम्ही रिमास्टर्डमध्ये हे केलं असेलच. मस्त वाटतं, पण दिसायला सगळे आगीचे गोळे सारखेच, फरक फक्त स्लायडरवर.

म्हणूनच स्कायरिमच्या वेळी त्याचा दिग्दर्शक टॉड हॉवर्डची भूमिका अशी होती की स्पेलमेकिंगमुळे जादूचं स्प्रेडशीट होतं आणि जादूतली जादू जाते. त्यांनी मग प्रत्येक स्पेल हाताने घडवला, फ्लेम्सचा फवारा, जमिनीवर लावून ठेवायचा रून (जादूचा सापळा), आगीची भिंत, दोन हातांत दोन स्पेल किंवा दोन्ही हातांनी एकच. हे काम खरंच चांगलं झालंय. पहिले काही तास स्कायरिमचा जादूगार खेळायला ऑब्लिव्हियनपेक्षा कितीतरी जिवंत वाटतो, हे मी मनापासून मान्य करतो.

पण पुढे काय होतं बघा. आगीच्या स्पेलमध्ये फायरबोल्टचं डॅमेज 25, फायरबॉलचं 40, इन्सिनरेटचं 60, आणि तिथेच गाडी थांबते. डिस्ट्रक्शन स्किल वाढलं की मॅजिका कमी लागतो, डॅमेज वाढत नाही. पर्कने (लेव्हल वाढल्यावर निवडायच्या खास क्षमतेने) थोडं वाढतं, मास्टर स्पेल आहेत पण ते टाकायला इतका वेळ उभं राहावं लागतं की तोवर ड्रॅगन भाजून काढतो. तिकडे तलवारवाला मात्र स्किल वाढवतो, पर्क घेतो, भट्टीवर तलवार सुधारतो, वर एन्चांट करतो (तिच्यावर जादू चढवतो), आणि शत्रू तर लेव्हलसोबत तगडे होतच राहतात. आधीच्या गेममध्ये जादूगाराला या सगळ्यावर उत्तर होतं, लेव्हल वाढली, मॅजिका वाढला, चला मोठा स्पेल बनवू. ते उत्तर काढून घेतलं आणि त्याच्या जागी काहीच दिलं नाही. लोहाराला नवीन स्मिथिंग मिळालं, अल्केमी (औषधं बनवणं) राहिली, एन्चांटिंग राहिलं, आणि स्वतःच्या हाताने काही घडवायचा हक्क फक्त स्पेलमधूनच गेला, याचा मला आजही राग येतो. बॅलन्ससाठी काढलं म्हणावं तर अल्केमी आणि एन्चांटिंग एकमेकांवर चढवत नेऊन स्कायरिम कसा मोडतो हे सगळ्यांना माहीत आहे, ते चाललंच की.

आणि मधला मार्ग नव्हता असंही नाही. ऑब्सिडियन कंपनीच्या टिरनी (2016) या गेममध्ये स्पेल बनवता येतात, आधी मूळ चिन्ह म्हणजे आग, बर्फ वगैरे, मग ते कुठल्या रूपात जाणार ते, मग त्यावर ताकद, पल्ला अशी भर, आणि प्रत्येक भरीमागे लोर (जादूचं ज्ञान) हे स्किल जास्त लागतं. रूपं ठरलेली असल्यामुळे स्पेल दिसायला वेगळे राहतात आणि मोठा स्पेल हवा तर कॅरेक्टरने तेवढं शिकलेलं असावं लागतं. असंच काहीतरी स्कायरिममध्ये, फ्लेम्स-रून-भिंत ही रूपं आधीच तयार असताना, सहज शोभलं असतं.

आता तुम्ही खेळताच आहात तर डिस्ट्रक्शन सोडू नका. फॉर्टिफाय डिस्ट्रक्शनचं पोशन स्पेलचं डॅमेज वाढवतं, त्याच नावाची एन्चांटमेंट मॅजिकाचा खर्च कमी करते, हे दोन वेगळे आहेत, त्यामुळे अल्केमी नक्की घ्या. एन्चांटिंग 100 आणि त्याचे पर्क झाले की डोकं, छाती, अंगठी, गळ्यातलं अशा चार वस्तूंवर 25-25 टक्के लावून खर्च शून्यावर येतो, मग दोन्ही हातांनी एकच स्पेल आणि इम्पॅक्ट पर्क (फटक्याने शत्रूला लडखडवणारा), समोरचा बऱ्याचदा सावरतच नाही. हे एकसुरी वाटायला लागलं तर कॉन्ज्युरेशन (मदतीला जीव बोलावणारी जादू) जोडीला घ्या, त्यातला राक्षसी योद्धा ड्रेमोरा लॉर्ड शेवटपर्यंत कामाला येतो. आणि पीसीवर असाल तर डॅमेज स्किलसोबत वाढवणारा एखादा मॉड (खेळाडूंनी बनवलेला गेममधला बदल) पहिल्याच दिवशी टाका, स्पेलमेकिंग परत आणणारे मॉडही आहेत पण आधी डॅमेजवाला.