हंगामापूर्वीची चाचणी : बसलेली इंजिने आणि न वाचलेले नियम

हंगाम तोंडावर आला की नाशिकच्या अंबड-सातपूरच्या गॅरेजांतून आणि घरच्या शेडमध्ये गाडी तयार करणाऱ्या मुलांकडून माझ्याकडे येणारे प्रश्न बहुतेक तेच असतात. चाचणीत इंजिन बसले, म्हणजे आतून बिघडून बंद पडले, आता काय करायचे. आणि गाडीला लावलेला भाग स्क्रूटिनीत, म्हणजे स्पर्धेच्या तांत्रिक तपासणीत, चालेल का. स्पर्धेची इंजिने बांधणे आणि ती नियमात बसवणे हे माझे रोजचे काम असल्यामुळे यंदा आलेल्या प्रश्नांना येथे एकत्र उत्तरे देत आहे.

प्रश्न : फॉर्म्युला वनच्या हंगामपूर्व चाचणीत ज्या संघाची गाडी धूर काढत थांबते, तो संघ त्या वर्षापुरता संपला, असे आमच्या मित्रमंडळींत ठामपणे सांगितले जाते. हे खरे आहे का? (कॉलेज रोड)

उत्तर : नाही. २०१४ मध्ये नवी व्ही-६ टर्बो हायब्रिड इंजिने आली, तेव्हा स्पेनमधील हेरेझच्या चार दिवसांच्या चाचणीत रेनोचे इंजिन असलेल्या रेड बुलला जेमतेम २१ फेऱ्या मारता आल्या, तर मर्सिडीजने तीनशेहून अधिक मारल्या. त्या वर्षी मर्सिडीजनेच बाजी मारली, पण रेड बुलनेही तीन शर्यती जिंकल्या आणि संघांच्या क्रमवारीत दुसरे स्थान मिळवले. उलट २०१७ मध्ये बार्सिलोनाच्या चाचणीत मॅकलारेन-होंडाच्या तेलाच्या टाकीत दोष निघाला. वळणांवर टाकीतले तेल एका बाजूला फेकले जाते, ती स्थिती कारखान्यात टेस्ट बेंचवरच्या चाचणीत नीट उभी करता आली नव्हती. त्यापाठोपाठ इतर अडचणी आल्या, त्या हंगामभर सुटल्या नाहीत, संघ नवव्या क्रमांकावर राहिला आणि ती भागीदारी वर्षअखेरीस मोडली. पुढे त्याच होंडाच्या इंजिनावर २०२१ मध्ये रेड बुलच्या वर्स्टापेनने विजेतेपद मिळवले. चाचणीत गाडी थांबली यापेक्षा ती का थांबली हे कळले की नाही, आणि दुरुस्तीला वेळ उरला की नाही, याला महत्त्व आहे.

प्रश्न : पहाटे गंगापूर रोडवर किंवा त्र्यंबक रोडवर रहदारी नसते. तेव्हा गाडीची टॉप स्पीड तपासली तर चालेल का?

उत्तर : मुळीच नाही, सार्वजनिक रस्त्यावर शासनाच्या लेखी परवानगीशिवाय शर्यत लावणे किंवा वेगाची चाचणी घेणे हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ नुसार गुन्हा आहे.

प्रश्न : माझी मोटरसायकल तेल पिते. मेकॅनिक म्हणतो, फॉर्म्युला वनची इंजिनेही तेल जाळतात, त्यामुळे काळजी करू नका. (पाथर्डी फाटा)

उत्तर : आपल्या मेकॅनिकने अर्धीच गोष्ट ऐकली आहे. तेथे काही संघ तेल ज्वलनकक्षात नेऊन त्याचा इंधनासारखा उपयोग करून घेत असल्याचा संशय होता, म्हणून नियामकांनी तेलाच्या वापरावर मर्यादा घातली आणि ती २०१८ मध्ये दर शंभर किलोमीटरला ०.६ लिटरवर व २०२० मध्ये ०.३ लिटरवर आणली. आपल्या गाडीत मात्र रिंगा किंवा व्हॉल्व्ह सील गेलेले असण्याचीच शक्यता आहे. लीक-डाउन चाचणी (सिलिंडरमध्ये दाबाची हवा भरून गळती मोजणे) करून घ्या, तोवर गाडी ट्रॅकवर नेऊ नका.

प्रश्न : नाशिकमध्ये महिनाभर उत्तम पळालेले १५० सीसीचे कार्ब्युरेटर इंजिन चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर चाचणीच्या दुसऱ्याच सत्रात बसले. पिस्टनला एक्झॉस्टच्या बाजूला भोक पडले आहे. नवे पिस्टन टाकले, आणि आता जाड तेल व जास्त ऑक्टेनचे पेट्रोल वापरा असा सल्ला मिळाला आहे. एवढे पुरेल का? (सिडको)

उत्तर : पुरणार नाही. या एकाच प्रकारामुळे मी दर वर्षी चांगली इंजिने भंगारात जाताना पाहतो, म्हणून याचे उत्तर थोडे सविस्तर देतो.

आपण भाग बदलला, कारण शोधले नाही. जुने पिस्टन फेकले असेल तर ते आधी परत मिळवा, कारण पुरावा त्यावरच आहे. पिस्टनच्या कडेला चार जागी ओरखडे असतील तर पिस्टन व सिलिंडरमधला क्लिअरन्स (फट) कमी ठेवलेला असतो किंवा इंजिन गरम न करता ताणलेले असते. क्रँकचे किंवा रॉडचे बेअरिंग निळे पडले असेल तर तेल पोहोचलेले नसते, आणि तेव्हा तेलाच्या जाडीपेक्षा पंप आणि तेलाचे मार्ग पाहायचे असतात. माथा एक्झॉस्टच्या बाजूने वितळला असेल तर लीन मिश्रण (हवेच्या मानाने पेट्रोल कमी), नॉकिंग (मिश्रणाचा अवेळी भडका) किंवा चुकीचे इग्निशन टायमिंग यांपैकी काहीतरी घडलेले असते. प्लगही काढून भिंगाखाली पाहा. पोर्सिलीन पांढरेफटक झालेले आणि त्यावर मिठाच्या कणाएवढे चकचकीत करडे ठिपके दिसले, तर ते आपल्याच पिस्टनचे ॲल्युमिनियम आहे.

आता हे नाशिकमध्ये का घडले नाही ते पाहू. आपले शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे आणि एवढ्या उंचीवर हवेची घनता पाच-सहा टक्क्यांनी कमी असते. येथे अचूक बसवलेला मेन जेट (कार्ब्युरेटरमधले पेट्रोलचे मुख्य छिद्र) समुद्रकिनाऱ्याच्या दाट हवेत अपुरा पडतो आणि मिश्रण लीन होते. त्यात पेट्रोलची भर पडते. निव्वळ पेट्रोलला पूर्ण ज्वलनासाठी वजनाने १४.७ पट हवा लागते, ई-१० ला (दहा टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलला) साधारण १४.१ पट आणि ई-२० ला (वीस टक्के) साधारण १३.५ पट; म्हणजे जुन्या पेट्रोलवर ठरवलेल्या जेटमधून आता ई-२० जात असेल तर मिश्रण आणखी लीन होते. नाशिकच्या रस्त्यावर आपण पूर्ण थ्रॉटल काही सेकंदच धरत असाल, पण ट्रॅकच्या सरळ पट्ट्यावर तोच थ्रॉटल दर फेरीला, बराच वेळ धरला जातो. अर्थात चेन्नईची हवा तापलेली असते, तापलेल्या हवेची घनता पुन्हा घटते आणि दुपारचा आकडा सकाळच्या आकड्याशी जुळत नाही. म्हणूनच ‘दोन नंबर मोठा जेट टाका’ असे फोनवर सांगणाऱ्यांचे ऐकू नये असे मी पोटतिडकीने सांगतो. एक्झॉस्टला हवा-पेट्रोलचे प्रमाण मोजणारा वाइडबँड सेन्सर लावा, ट्रॅकवर पोहोचल्यावर रिच (जास्त पेट्रोलच्या) बाजूने सुरुवात करा, पूर्ण थ्रॉटलवर मोजा आणि एका वेळी एकच बदल करून तो वहीत टिपा.

ऑक्टेन म्हणजे इंधनाची नॉकिंग रोखण्याची क्षमता, ताकद नव्हे. जास्त ऑक्टेनने नॉकिंग लांबेल, लीन मिश्रण मात्र लीनच राहील. शिवाय आपल्या गटात कोणते इंधन चालते हे नियमपुस्तिका ठरवते, पंपावरचा फलक नव्हे. जाड तेलाचा तर या भोकाशी काहीच संबंध नाही. नव्या पिस्टनवर इंजिन सुरू करण्याआधी ते जाणकार ट्यूनरकडे डायनोवर (इंजिनाची ताकद मोजण्याच्या यंत्रावर) तपासून घ्या.

प्रश्न : विक्रेत्याने दिलेल्या रेसिंग ईसीयूच्या (इंजिन नियंत्रित करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक भागाच्या) खोक्यावर ‘एफएमएससीआय मान्य’, म्हणजे देशातील मोटरस्पोर्टच्या नियामक संस्थेची मान्यता असलेला, असे छापले आहे. बसवू का?

उत्तर : खोक्यावर काय छापायचे हे विक्रेता ठरवतो, पण भाग चालेल की नाही हे आपल्या गटाचे तांत्रिक नियम आणि गाडीचे होमोलोगेशन (स्पर्धेसाठीच्या मान्यतेची अधिकृत नोंद) ठरवते. विक्रेत्याकडे नियमाचा क्रमांक लेखी मागा. तो टोलवाटोलवी करू लागला तर पैसे देऊ नका. त्यानंतरही स्पर्धेच्या मुख्य स्क्रूटिनीअरकडून ईमेलने खात्री करून घ्या.

प्रश्न : चाचणीत इंजिन तापून हेड वाकले. लेथवाल्याने फेस मारून (तळ घासून सपाट करून) दिले. यात नियमाचा प्रश्न कुठे येतो? (सातपूर)

उत्तर : येतो, आणि तो फार जणांच्या लक्षात येत नाही. समजा, सिलिंडरचे स्वेप्ट व्हॉल्यूम (पिस्टन खाली-वर होताना व्यापतो ती जागा) १५० सीसी आहे आणि पिस्टन वर असताना उरणारी जागा १५.८ सीसी आहे, म्हणजे कंप्रेशन रेशो (एकूण जागा भागिले उरणारी जागा) १०.५ झाला. फेसवर चेंबरचे क्षेत्रफळ २५ चौरस सेंटिमीटर धरले आणि अर्धा मिलिमीटर घासला, तर सव्वा सीसी जागा कमी होते आणि रेशो ११.३ वर जातो. आपल्या गटात रेशोची किंवा हेडच्या किमान जाडीची मर्यादा असेल, तर आपण कोणतीही लबाडी न करता बाद होऊ शकता, वर नॉकिंगचा धोका वेगळाच. २०२६ च्या नियमांत फॉर्म्युला वननेही हा रेशो १८ वरून १६ वर आणला, आणि तो कोणत्या तापमानाला मोजायचा यावरून तेथे मोठा वाद झाला. हेड बसवण्याआधी जाडी मायक्रोमीटरने मोजा, ब्युरेटने द्रव भरून चेंबरची जागा सीसीत मोजा आणि दोन्ही आकडे स्क्रूटिनीअरला दाखवा.

प्रश्न : सराव सत्रात गुण नसतात. तेव्हा नियमाबाहेरचा कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा भाग) लावून पाहिला तर काय बिघडते?

उत्तर : चालेल की नाही हे आयोजकांच्या पूरक नियमांत पाहा. माझा आक्षेप वेगळा आहे. त्या कॅमवर इंजिन टिकले, तर ते त्या कॅमवर टिकले एवढेच कळते. शर्यतीला जे इंजिन नेणार आहात त्याची चाचणी झालेलीच नसते. नियमाबद्दल शंका असेल तर ती हंगामाआधीच मिटवून घ्यावी. फॉर्म्युला वनमध्ये फेरारीचे २०१९ चे इंजिन नियमात बसते का, याबद्दलचा संशय बराच काळ रेंगाळला. अखेर २८ फेब्रुवारी २०२० रोजी, बार्सिलोनाच्या चाचणीच्या शेवटच्या दिवशी, नियामक संस्थेने फेरारीशी तडजोड झाल्याचे जाहीर केले, पण तपशील गुप्त ठेवला, आणि इतर सात संघांनी त्यावर उघड नाराजी व्यक्त केली. मलाही तो निर्णय पटलेला नाही, कारण नियम काय हे सर्वांना सारखे कळले पाहिजे.

प्रश्न : नव्या इंजिनाचे रनिंग-इन (भाग एकमेकांत नीट बसेपर्यंत बेताने चालवणे) किती करावे?

उत्तर : पिस्टन आणि रिंगांच्या उत्पादकाने जेवढे लिहिले आहे तेवढे.

प्रश्न : स्पर्धेला दहा दिवस आहेत. चाचणीनंतर इंजिनातून खालच्या बाजूने ठकठक ऐकू येते, पण गाडी पळते आहे. एवढी स्पर्धा काढून मग उघडावे असे वाटते. (जेलरोड)

उत्तर : आजच उघडा. आधी तेल पांढऱ्या कापडातून गाळा, फिल्टर कापून त्याची घडी उलगडा आणि चुंबक फिरवा. चुंबकाला चिकटणारे कण पोलादाचे, तर न चिकटणारे बेअरिंगचे किंवा पिस्टनचे असू शकतात. कण सापडले तर इंजिन पुन्हा सुरूसुद्धा करू नका, कारण रॉड तुटून इंजिनाचे कवच फुटले तर ट्रॅकवर तेल सांडते आणि मागून येणारा चालक त्यावर घसरतो. इंजिनाला स्पर्धेचे सील असेल तर ते स्वतः तोडू नका. स्क्रूटिनीअरला कळवून त्यांच्या परवानगीने उघडा, आणि कण, फिल्टर व जुने बेअरिंग पिशवीत घालून इंजिन बांधणाऱ्याकडे घेऊन जा.