‘गतिरोध’, ‘कोंडी’ आणि ‘कुलूपमुक्त’

एका वाचकाने विचारलं आहे : ‘ऑपरेटिंग सिस्टिमच्या कर्नलमध्ये प्रोसेसरांमधला गतिरोध फोडण्यासाठी कुलूपमुक्त पद्धती वापरतात’ हे वाक्य बरोबर आहे का? डेडलॉकला ‘गतिरोध’ म्हणावं की ‘कोंडी’, आणि लॉक-फ्रीला ‘कुलूपमुक्त’ चालेल का?

कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, आणि लॉक म्हणजे सामायिक माहिती एका वेळी एकालाच हाताळू देणारं कुलूप. माझं मत ‘कोंडी’ला. ‘गतिरोध’ म्हटलं की मराठी माणसाला रस्त्यावरचा गतिरोधक आठवतो, आणि तो वेग कमी करतो, थांबवत नाही. डेडलॉकमध्ये सगळं ठप्प होतं. एका प्रोसेसरने ‘अ’ लॉक धरलाय आणि त्याला ‘ब’ हवाय, दुसऱ्याने ‘ब’ धरलाय आणि त्याला ‘अ’ हवाय. दोघेही हातातला सोडत नाहीत, म्हणून दोघांनाही हवा तो मिळत नाही.

‘परस्पर-अडवणूक’ असाही शब्द कुणी सुचवतं. तो मला पटत नाही, कारण कर्नलमध्ये एकटा प्रोसेसरही स्वतःला अडकवून घेऊ शकतो. त्याने स्पिनलॉक (ज्याची वाट बघणारा तो सुटेपर्यंत जागीच फिरत राहतो असा लॉक) घेतला, तेवढ्यात त्याच प्रोसेसरवर इंटरप्ट (चालू काम थांबवायला लावणारा संकेत) आला आणि इंटरप्ट हाताळणाऱ्या कोडलाही तोच लॉक हवा असला, की ते कोड लॉक सुटण्याची वाट बघत फिरत राहतं. ज्याने लॉक सोडायचा ते काम याच इंटरप्टखाली दबलेलं असतं. म्हणून असा लॉक घेताना त्या प्रोसेसरवरचे इंटरप्ट आधी बंद करतात. इथे ‘परस्पर’ कोणीच नाही, पण ‘त्याची कोंडी झाली’ हे मराठी बिनचूक बसतं.

शब्दापेक्षा क्रियापद मला जास्त खटकतं. कोंडी फोडायला बाहेरचा कोणी तरी लागतो. डेटाबेसमध्ये तो असतो : दोन व्यवहार एकमेकांत अडकले तर डेटाबेस त्यांतला एक रद्द करतो. कर्नलच्या वर मात्र कोणी नाही, आणि अर्धवट बदललेली माहिती तशीच टाकून लॉक हिसकावून घेणं धोक्याचं. त्यामुळे कर्नलमध्ये कोंडी ‘टाळतात’. कॉफमन, एल्फिक आणि शोशानी यांनी 1971 मध्ये कोंडीच्या चार अटी एकत्र मांडल्या. त्यांतली वर्तुळाकार प्रतीक्षेची (प्रत्येक जण पुढच्याने धरलेल्या लॉकची वाट बघतो आणि शेवटचा पहिल्याच्या, ही) अट मोडणं सर्वांत सोयीचं : सगळ्यांनी लॉक एकाच ठरलेल्या क्रमाने घ्यायचे. एकाच जातीचे दोन लॉक लागले तर मेमरीतला ज्याचा पत्ता लहान तो आधी, असाही नियम चालतो. लिनक्समध्ये 2006 पासून लॉकडेप नावाची तपासणी आहे. कोण कोणता लॉक कोणत्या क्रमाने घेतं याची ती नोंद ठेवते आणि उलटा क्रम दिसला की इशारा देते. कोंडी प्रत्यक्षात झालेली नसली तरी! ‘टाळणे’ या क्रियापदाचा याहून नेमका वापर मला माहीत नाही.

आता ‘कुलूपमुक्त’. व्याकरणदृष्ट्या शब्द ठीक आहे, पण तो साधनाबद्दल बोलतो आणि मूळ संज्ञा हमीबद्दल. ‘लॉक-फ्री’चा अर्थ असा की कोणताही प्रोसेसर मध्येच थबकला तरी बाकीच्यांपैकी कोणाचं ना कोणाचं काम पुढे सरकतंच. एखाद्याने लॉक न वापरता ‘मी कामात आहे’ असा साधा झेंडा ठेवला आणि इतरांना तो उतरेपर्यंत थांबवलं, तर कोडमध्ये लॉक हा शब्द कुठेच नसेल, पण झेंडावाला थबकला की सगळे थबकतील. ते लॉक-फ्री नव्हे. खऱ्या लॉक-फ्री रचनेत ‘जुनी किंमत अजून तीच असेल तरच नवी लिही’ अशी अविभाज्य सूचना प्रोसेसरला देतात. एकाचा प्रयत्न फसतो तेव्हा मधल्या वेळात दुसऱ्याने ती किंमत बदललेली असते, म्हणजे त्याचं काम पुढे गेलेलं असतं. प्रत्येकाचं काम ठरावीक पावलांत संपेल अशी आणखी कडक हमी हवी असेल तर ती ‘वेट-फ्री’. या दोन्ही संज्ञा देवनागरीत तशाच ठेवाव्यात आणि पहिल्या वापरात अर्थ सांगावा.

म्हणून वाक्य असं करा : ‘कर्नलमध्ये प्रोसेसरांची कोंडी टाळण्यासाठी लॉक ठरावीक क्रमाने घेतात, आणि काही ठिकाणी लॉक-फ्री रचना वापरतात.’

आरसीयू (रीड-कॉपी-अपडेट) या पद्धतीबद्दल लिहिताना मात्र जपा. 2002 मध्ये लिनक्समध्ये आलेल्या या पद्धतीत वाचणारे लॉक घेत नाहीत. बदल करणारा नवी प्रत तयार करून तिच्याकडे निर्देश वळवतो, आणि आधीपासून वाचत असलेले सगळे बाहेर पडल्यावरच जुनी प्रत मोकळी होते. पण बदल करणारे एकाहून अधिक असले, तर ते आपसात बहुधा साधा लॉकच वापरतात. तेव्हा ‘आरसीयूमध्ये वाचन लॉकशिवाय होतं’ एवढंच म्हणावं.