शीटमधला 'शैक्षणिक' कॉलम

अगं, अंध वाचकांनी आपल्या संस्थेकडे मागितलेल्या पुस्तकांची तुझी एक्सेल शीट काल रात्री पूर्ण ऐकली. एकशे ऐंशी पुस्तकं, आणि 'शैक्षणिक' कॉलममध्ये हो-नाही भरताना तू कुठे कुठे अडलीस ते लगेच कळतं, कारण तिथे तू प्रश्नचिन्ह टाकलंयस आणि माझा स्क्रीन रीडर, म्हणजे स्क्रीनवरचं बोलून दाखवणारं सॉफ्टवेअर, इमानेइतबारे दर वेळी "प्रश्नचिन्ह" म्हणतो. एकतीस वेळा म्हणाला. मला बरं वाटलं खरं, कारण मी नवीन होते तेव्हा एकदाही अडले नव्हते, बालभारती, एनसीईआरटी, गाईड, स्पर्धा परीक्षा म्हणजे हो, बाकी सगळं नाही, अर्ध्या तासात काम खलास.

आधी कायद्याचं बोलू. तुला कोणीतरी सांगितलंय की पुस्तक शैक्षणिक असेल तरच आपण स्कॅन करून देऊ शकतो. तसं काही नाहीये. कॉपीराइट कायद्यात २०१२ मध्ये दुरुस्ती झाली, तेव्हा कलम ५२ मध्ये अपंग व्यक्तींसाठी सुगम फॉरमॅटची, म्हणजे त्यांना वाचता येईल अशा रूपातल्या प्रतीची, सूट आली, आणि त्यात खासगी वापर, शिक्षण, संशोधन असं सगळं आहे, खासगी वापर तर सगळ्यात आधी लिहिलाय. मराकेश करार, म्हणजे अंधांना वाचता येतील अशी पुस्तकं मिळावीत म्हणून झालेला आंतरराष्ट्रीय करार, भारताने २०१४ मध्ये मंजूर केला, सगळ्या देशांत पहिले आपण, त्यातही अभ्यासाचंच पुस्तक हवं अशी अट नाही. आपल्यासारख्या संस्थेने पाळायचं ते एवढंच की प्रत फक्त अपंग व्यक्तीलाच जावी, त्यात नफा नको आणि फाइल बाजारात फिरायला नको.

मग हा कॉलम आहे कशाला, तर रांग लावायला. आपल्याकडे स्कॅनर एक, प्रूफ बघणारे चार-पाच, त्यातले दोन परीक्षेच्या दिवसांत गायब. प्रकाशकाने मोठ्या मनाने श्रीलिपीतली, म्हणजे छपाईच्या जुन्या फॉन्टमधली, फाइल दिली तर ती युनिकोडमध्ये आणून तपासण्यातच आठवडा जातो, कारण तशीच उघडली तर स्क्रीन रीडर नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं बडबडत बसतो. त्यामुळे कोणाला तरी थांबावं लागतंच, जूनमध्ये दहावीच्या पोराचं विज्ञान आधी, त्यात वाद नाही. पण रांगेत मागे ठेवणं आणि 'हे आपलं काम नाही' म्हणणं यात फरक आहे, आणि तो कॉलम नकळत दुसऱ्या कामाला लागतो.

माझ्याच हातून झालेलं सांगते. शुगरने डोळे गेलेले एक काका यायचे, पन्नाशीतले. त्यांना एक जुनी रहस्यकथा हवी होती. मी मनोरंजन लिहून तळाला टाकली आणि मोठ्या हुशारीने त्यांना कॉम्प्युटर शिकायचं पुस्तक दिलं, की बघा काका, हे उपयोगाचं. महिन्याने परत आले, म्हणाले तो मशीनचा आवाज काय बोलतो तेच कळत नाही, डोकं दुखतं. मी म्हटलं सवय होईल. तर म्हणाले, "ताई, ती रहस्यकथा मी तीनदा वाचलीय, पुढचं वाक्य मला आधीच माहीत असतं, त्यावर कान बसेल माझा." मी जन्मापासून अंध, मला हे सुचलंच नव्हतं! त्यांना फाइल करून दिली, पहिले चार दिवस एकदम हळू स्पीड, मग वाढवत गेले, आणि दोन महिन्यांनी तेच कॉम्प्युटरचं पुस्तक स्वतःहून मागायला आले. आता सांग, त्यातलं शैक्षणिक कोणतं?

लहान मुलांचं आणखी वेगळं. नुसतं ऐकून शिकलेल्या मुलाला 'दिन' आणि 'दीन' एकच, कानाला फरक नाहीच. ब्रेलमध्ये ऱ्हस्व इकार म्हणजे दोन आणि चार नंबरचे ठिपके आणि दीर्घ म्हणजे तीन आणि पाच नंबरचे, बोटाखाली सरळ सरळ वेगळे. पण त्यासाठी पोराने पानंच्या पानं वाचली पाहिजेत, आणि ती भूताच्या गोष्टींची वाचेल की व्याकरणाची, तूच ठरव. म्हणून तुझ्या शीटमधल्या बालकथांना ब्रेल मागितलं असेल तर डोळे झाकून 'हो' कर. (डोळे झाकून, हा आमच्यातला जुना विनोद, हसलीस तरी चालेल.)

उलटंही बघ. तू सगळ्या स्पर्धा परीक्षा गाईडना 'हो' लिहिलंयस, त्यात काही दहा-बारा वर्षांपूर्वीची आहेत. अभ्यासक्रम बदलला, योजनांची नावं बदलली, टॅक्सचे स्लॅब बदलले. डोळस पोरगा दुकानात नवी आवृत्ती हातात घेऊन बघतो, आमचा पोरगा आपण दिलेल्या फाइलवर विश्वास ठेवून पाठ करत बसतो. ती काढून टाक. आणि काहीही स्कॅनला घेण्याआधी सुगम्य पुस्तकालय या ऑनलाइन ग्रंथालयात शोधून बघ, २०१६ पासून तिथे वेगवेगळ्या संस्थांची पुस्तकं एकत्र आहेत, तयार असलेलं परत कशाला करायचं.

तर असं कर, त्या कॉलमशेजारी अजून दोन कॉलम घाल, कोणी मागितलं आणि कधीपर्यंत हवंय. मागणाऱ्याला फोन कर, पण "कशाला हवंय" असं विचारू नकोस, ते फार टोचतं, तुम्हाला दुकानात कोणी विचारतं का कादंबरी कशाला घेताय म्हणून? "कधीपर्यंत हवंय" एवढंच विचार, लोक पुढचं आपणहून सांगतात.

मी तुझ्या प्रश्नचिन्हांपैकी एकाचंच 'हो' केलं, ते उखाण्यांचं पुस्तक. ते मागणाऱ्या मुलीचं लग्न येत्या अकरा तारखेला आहे म्हणे, नंतर देऊन काय उपयोग. सगळ्यात वर घेतलंय. फक्त प्रूफ तू बघ, ओसीआरने, म्हणजे स्कॅनमधली अक्षरं ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरने, जिथे तिथे 'नाव घेते'चं 'नाव धेते' केलंय.

ताई