बाळाचा पावडरचा डबा

प्रश्न : डॉक्टरताई, माझी मुलगी चार महिन्यांची आहे. आंघोळ झाली की सासूबाई तिची मान, काखा, जांघा आणि लंगोटाची जागा पावडरने पांढरीशुभ्र करतात. पावडरने कॅन्सर होतो असं नवऱ्याने कुठेसं वाचलं आणि तेव्हापासून रोज आंघोळीनंतर घरात खटके उडतात. सासूबाई म्हणतात, ‘माझी तिन्ही पोरं याच पावडरवर वाढली.’ मधला मार्ग म्हणून मी मक्याच्या स्टार्चची पावडर आणली, पण ती तरी चालते का? हल्ली मुलीच्या मानेच्या वळ्यांत लाल झालंय. उरलेल्या जुन्या डब्याचं काय करू? – एक आई

उत्तर : तुमच्या सासूबाईंवर मला रागावता येणार नाही, कारण माझ्या थोरल्या मुलीला मीसुद्धा दोन वेळा पावडर थापायचे. तेव्हा मी नुकतीच डॉक्टर झाले होते आणि पावडर लावलेलं बाळ म्हणजे स्वच्छ बाळ, असंच मला वाटत होतं.

हे डोक्यातून गेलं ते एका रात्रपाळीत. चौदा महिन्यांचा मुलगा होता. डायपर बदलताना वळवळ करू नये म्हणून आईने हातात पावडरचा डबा दिला. त्याने तो तोंडाशी धरून उलटा केला आणि झाकण निसटलं. पोरगं ठसकलं, शिंकलं, थोडं रडलं आणि पाचदहा मिनिटांत खेळायला लागलं. तोंड पुसून आई कामाला लागली. पाचसहा तासांनी त्याला आमच्याकडे आणलं तेव्हा प्रत्येक श्वासाला बरगड्या आत ओढल्या जात होत्या. ‘अहो, पण तो तर हसत होता,’ हे एकच वाक्य ती माउली पुन्हा पुन्हा म्हणत होती. ऑक्सिजनवर काही दिवस काढून मुलगा सुखरूप घरी गेला. असे सगळेच जात नाहीत.

तेव्हा कॅन्सरचं नंतर बोलू, आधी श्वासाचं. अशी पावडर बहुतेक टाल्कची असते. टाल्क म्हणजे आपलं संगजिरे, मॅग्नेशियम आणि सिलिका असलेलं एक खनिज. सगळ्या खनिजांत मऊ, म्हणून हाताला इतकं रेशमी लागतं. दळल्यावर त्याचे कण अतिशय बारीक होतात आणि ते पाण्यात विरघळत नाहीत. बाळाच्या श्वासनलिका अरुंद असतात. पावडर जास्त आत गेली तर आतला ओलावा शोषला जातो, नळ्या सुजतात आणि त्रास काही तासांनीही सुरू होऊ शकतो. आत गेलेली पावडर बाहेर काढणारं औषध आमच्याकडे नाही. फक्त श्वासाला आधार देता येतो. रोज थोडी थोडी उडणारी पावडर त्या रात्रीसारखं काही करेलच असं नाही. पण आडवं झोपलेलं बाळ त्या ढगाच्या अगदी मधोमध असतं, आणि तुम्ही उभ्या असता. अमेरिकेतली बालरोगतज्ज्ञांची संघटनाही बाळांना पावडर लावू नका असंच सांगते.

आता तुमच्या यजमानांचं. त्यांनी वाचलं ते खोटं नाही, अर्धवट आहे. जमिनीत टाल्कच्या शेजारीच अनेकदा अॅस्बेस्टॉस हे तंतुमय खनिज सापडतं आणि अॅस्बेस्टॉसने कर्करोग होतो याबद्दल वाद नाही. खाणीतून काढताना दोन्ही मिसळली तर पंचाईत. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०२४ मध्ये खुद्द टाल्कलाच ‘बहुधा कर्करोगकारक’ या गटात टाकलं. त्यात बायकांनी वर्षानुवर्षं गुप्तांगाजवळ पावडर लावणं आणि अंडाशयाचा कर्करोग यांच्या संबंधाचा विचार होता. हा गट पुरावा किती भक्कम आहे ते सांगतो, धोका किती मोठा ते नाही. रात्रपाळीची नोकरीही याच गटात आहे! त्यामुळे चार महिने पावडर लावली म्हणून तुमच्या मुलीला काही होईल, अशी भीती मनात घेऊन बसू नका. पण मुलीच्या लंगोटाच्या जागी टाल्क आजपासून बंद. जॉन्सन अँड जॉन्सनने आपली पावडर सुरक्षित असल्याचं सांगत सांगतच टाल्कची बेबी पावडर २०२० मध्ये अमेरिका आणि कॅनडात थांबवली, २०२३ मध्ये जगभर, आणि मक्याचा स्टार्च घेतला.

म्हणजे तुमचा मधला मार्ग त्यांनीही निवडला! स्टार्चमुळे अॅस्बेस्टॉसचा प्रश्न मिटतो, पण तीही नाकातोंडात जाणारी पूडच. औषधी म्हणून विकल्या जाणाऱ्या पावडरी तर मनाने अजिबात नकोत. बोरिक अॅसिडची पावडर एके काळी सर्रास वापरायचे. लाल झालेल्या त्वचेतून ती शरीरात शिरून बाळांना विषबाधा झाल्या आहेत. फ्रान्समध्ये १९७२ साली कारखान्यात चुकून एका टाल्कमध्ये हेक्साक्लोरोफीन हे जंतुनाशक मिसळलं गेलं आणि ३६ मुलं दगावली.

बरं, इतकं करून पावडर बाळासाठी करते काय? तुमच्या मुलीची मानच बघा. वळ्यांत दूध ओघळतं, लाळ आणि घाम साचतो. त्यावर पावडर पडली की तिचा चिखल होतो, मग वाळून गोळे होतात आणि हललं की तेच गोळे घासतात. माझ्या मुलीच्या मानेतून मी असे गोळे नखाने काढलेत. कोमट पाण्याने वळी उघडून धुवा, मऊ सुती कापडाने टिपून घ्या, घासू नका, आणि दोनचार मिनिटं मान तशीच मोकळी राहू द्या. दूध ओघळलं की लगेच पुसा. लंगोटाखालची जागा शी-शू आणि घर्षण यांनी लाल होते. तिथे डायपर लवकर बदलणं, दिवसातून थोडा वेळ उघडं ठेवणं आणि झिंक ऑक्साइडच्या मलमाचा किंवा पेट्रोलियम जेलीचा थर पुरतो. दोनतीन दिवसांत उतरलं नाही, कडेने बारीक लाल ठिपके उमटले, पू आला किंवा ताप आला, तर डॉक्टरांना दाखवा. ठिपके असतील तर बहुतेक बुरशी असते आणि तिला वेगळं मलम लागतं.

सासूबाईंशी वाद घालू नका, त्यांची पोरं खरंच वाढली आहेत. आंघोळीनंतर मान टिपायचं काम त्यांच्याकडेच द्या. मानेचा लालपणा उतरला की पावडरचं नाव काढायची गरजच उरणार नाही.

जुना डबा झाकण घट्ट लावून फेकून द्या. रिकामा झाला तरी खुळखुळा म्हणून मुलीच्या हातात देऊ नका. तळाशी उरलेली पावडर झाकणाच्या भोकांतून बाहेर येतेच.