वरच्या मजल्यावरचा एसी कमी का पडतो?

प्रश्न: आमचं ऑफिस बिल्डिंगच्या सगळ्यात वरच्या मजल्यावर आहे. सेंट्रल एसी आहे, थर्मोस्टॅट २४ दाखवतो, तरी दुपारी तीननंतर बसवत नाही, आणि खालच्या मजल्यांवर लोक स्वेटर घालून बसतात! मेंटेनन्सवाले म्हणतात गरम हवा वर जाते, आम्ही काय करणार. आता साहेब जादा टनाचं मशीन घ्यायचं म्हणतायत. घ्यावं का?

उत्तर: थांबा, एवढ्यात ऑर्डर देऊ नका. गरम हवा वर जाते हे खरं, पण मधे प्रत्येक मजल्याला स्लॅब आहे ना, खालच्यांची गरम हवा त्यातून थोडीच वर झिरपते. तुमचा त्रास बहुतेक गच्चीतून येतोय. भर दुपारच्या उन्हात एका चौरस मीटरवर साधारण १००० वॅट उष्णता पडते, काळपट गच्ची ६०-७० अंशांपर्यंत सहज तापते आणि काँक्रीट ती उष्णता काही तास उशिरा खाली सोडतं, म्हणून बारापेक्षा तीन-चारनंतर जास्त छळ. थर्मोस्टॅट फक्त हवेचं तापमान मोजतो, वरून डोक्यावर येणारी धग त्याला कळतच नाही, म्हणजे २४ पण खरं आणि तुमची तक्रार पण खरी.

चारच्या सुमारास मेंटेनन्सवाल्यालाच फॉल्स सीलिंगची एक टाइल सरकवून वर हात घालायला सांगा. बऱ्याच बिल्डिंगमधे खोलीतली हवा त्याच पोकळीतून मशीनकडे परत जाते, म्हणजे जाता जाता स्लॅबची सगळी उष्णता गोळा करून जाते आणि मशीन आधी तीच उपसत बसतं. गच्चीवर पांढरा रिफ्लेक्टिव्ह कोट द्या (आणि तो धूत राहा, धूळ बसली की त्याचा बराच फायदा गेलाच समजा), पुढच्या वॉटरप्रूफिंगच्या वेळी स्लॅबच्या वरून इन्सुलेशन घालून घ्या. खालून थर्माकोल चिकटवणं ही माझ्या मते पळवाट आहे, स्लॅब तापायचा तो तापतोच, शिवाय थर्माकोल जळतो.

आणि ते स्वेटरवाले! तिकडे गरजेपेक्षा जास्त थंड पाणी किंवा हवा जातेय, म्हणजे सिस्टीमचं बॅलन्सिंग (कुठल्या मजल्याला किती थंड पाणी-हवा जायची त्याची वाटणी) बिघडलंय. ते करून घेणं नव्या मशीनपेक्षा खूप स्वस्त.

अजून एक गोष्ट सहसा कोणी बघत नाही. उन्हाळ्यात आतली थंड हवा जड असते, ती जिन्यातून नि लिफ्टच्या शाफ्टमधून खाली उतरते, लॉबीच्या दारातून बाहेर पडते आणि तिच्या जागी वरच्या फटींतून गरम हवा आत ओढली जाते. जिन्याच्या बंद दाराच्या फटीशी टिश्यू पेपरची पट्टी धरा, ती जिन्याकडे ओढली गेली तर हेच चाललंय. दारांना सील लावा, गच्चीचं दार उघडं टाकू नका. फक्त शाफ्टला धूर बाहेर जायची जी झडप असते ती फायरवाल्यांना विचारल्याशिवाय अजिबात बुजवू नका.

प्रश्न: आमच्याकडे प्रत्येक मजल्याचे स्प्लिट एसी आहेत, सगळे आउटडोअर बिल्डिंगच्या एकाच खाचेत एकाखाली एक लावलेत. वरच्या तीन मजल्यांचेच भर दुपारी ट्रिप होतात. गॅस भरून झाला, फरक नाही.

उत्तर: गॅसचा संबंधच नाही हो! खालच्या युनिटने फेकलेली गरम हवा खाचेतून वर चढते, वरचं युनिट तीच ओढतं, अजून तापवून त्याच्या वरच्याला देतं, म्हणून शहरात ३८ असलं तरी सगळ्यात वरच्या युनिटच्या तोंडाशी ४५ च्या वर असू शकतं. प्रेशर वाढतं आणि मशीन स्वतःला वाचवायला बंद पडतं. थर्मामीटर तिथे टांगून बघा. वरची युनिट्स गच्चीवर हलवता आली तर बेस्ट, पाइपची लांबी कंपनीच्या मर्यादेत बसते का ते आधी विचारा. नाहीतर प्रत्येकाला हवा खाचेच्या बाहेर फेकणारं पत्र्याचं डक्ट लावा.

प्रश्न: उंचावर हवा थंड असते ना, मग वरच्या मजल्यांवर खिडक्या उघडल्या तर?

उत्तर: १ किलोमीटर वर गेलं की साधारण ६.५ अंश उतरतात, म्हणजे २०० मीटरवर जेमतेम सव्वा अंश. पहाटे उघडा, दुपारी नको. त्यापेक्षा पश्चिमेच्या काचांना बाहेरून सावली करा, वरच्या मजल्यांवर शेजारच्या बिल्डिंगची सावलीसुद्धा पोचत नाही. आतले पडदे ऊन आत आल्यावर अडवतात. फिल्म लावायची असेल तर काच बनवणाऱ्याला विचारूनच, काही काचा तापून तडकतात.