समुद्रप्रवाह बदलले म्हणून बडोद्यात पूर आला, असे म्हणता येईल का?

समुद्राचे प्रवाह बदलले की एखाद्या देशाचे हवामान कसे बदलते, आणि बडोद्याला २०१९ व २०२४ मध्ये आलेल्या पुरांमागे हेच कारण होते का, असे आपण विचारले आहे. मी बडोद्याचाच रहिवासी आहे आणि बरीच वर्षे भूगोल शिकवला आहे, म्हणून उत्तर देण्याचे धाडस करतो. थोडक्यात सांगायचे तर समुद्रप्रवाह हंगामाचा कल ठरवतात. एखाद्या विशिष्ट दिवशी पाऊस कोणत्या तालुक्यात कोसळेल हे ते ठरवत नाहीत, आणि कोसळलेले पाणी कोणाच्या घरात शिरेल हे तर मुळीच नाही. या तीन गोष्टी वर्तमानपत्रांत एकाच वाक्यात येतात आणि तिथूनच गोंधळ सुरू होतो.

मुळात समुद्राला एवढे महत्त्व का, हे एका आकड्यावरून कळते. पृथ्वीभोवतीच्या संपूर्ण वातावरणात जेवढी उष्णता मावते, जवळजवळ तेवढीच समुद्राच्या वरच्या अवघ्या अडीच-तीन मीटर पाण्यात मावते. त्यामुळे वारा दिशा बदलतो तो तासा-दिवसांत, पण समुद्राने उष्णता एकीकडून दुसरीकडे नेली की तिचा परिणाम महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षे टिकतो. अटलांटिक महासागरात उष्ण पाणी वरच्या थरातून उत्तरेकडे जाते, तिथे थंड व जड होऊन खाली बुडते आणि खोल थरातून दक्षिणेकडे परतते. फ्लोरिडाच्या अक्षांशाजवळ २००४ पासून हे अभिसरण उपकरणांनी सतत मोजले जात आहे. सरासरीने ते सेकंदाला सुमारे १ कोटी ७० लाख घनमीटर पाणी वाहून नेते, म्हणजे जगातल्या सगळ्या नद्यांच्या एकत्रित प्रवाहाच्या दहापटीहूनही अधिक. लंडन आणि कॅनडाचा लॅब्राडोर किनारा साधारण एकाच अक्षांशावर असूनही हिवाळ्यात लॅब्राडोर गोठतो आणि लंडन गोठत नाही, याचे श्रेय बहुतेक पाठ्यपुस्तके केवळ गल्फ स्ट्रीमला देतात. ते अर्धेच खरे आहे. पश्चिमेकडून समुद्रावरून येणारे वारे आणि रॉकी पर्वतामुळे त्या वाऱ्यांना मिळणारे वळण यांचाही त्यात मोठा वाटा आहे.

ग्रीनलंडचा बर्फ वितळून गोडे पाणी समुद्रात मिसळले तर पाणी पुरेसे जड होत नाही, नीट बुडत नाही आणि हे अभिसरण मंदावते. आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदलविषयक समितीच्या २०२१ च्या अहवालानुसार या शतकात ते मंदावण्याची शक्यता फार मोठी आहे. मात्र २१०० पूर्वी ते एकाएकी कोसळणार नाही, असे त्या अहवालाने मध्यम खात्रीने म्हटले आहे. याचा भारताशी संबंध आहे, पण तो युरोपसारखा सरळ नाही. उत्तर अटलांटिक थंड पडला की विषुववृत्ताजवळचा पावसाचा पट्टा दक्षिणेकडे सरकतो आणि आपला मोसमी पाऊस क्षीण होतो. सुमारे १२,९०० ते ११,७०० वर्षांपूर्वी उत्तर अटलांटिक परिसर पुन्हा एकदा गारठला होता, त्या काळातील अरबी समुद्राच्या तळाचा गाळ हेच सांगतो. म्हणजे अटलांटिकचा प्रवाह मंदावला तर भारतापुढे पुराच्या आधी अवर्षणाचे संकट उभे राहील. ‘गल्फ स्ट्रीम थांबणार, गुजरात बुडणार’ अशा धर्तीचे जे संदेश मोबाइलवर फिरतात, त्यांत दिशाच उलटी असते.

आपल्याला अधिक जवळचा आहे तो प्रशांत महासागर. पेरूच्या किनाऱ्यालगत थंड प्रवाह वाहतो, म्हणून लिमा शहरात पाऊस जवळजवळ पडतच नाही. एल निनोच्या वर्षी पूर्वेकडून वाहणारे व्यापारी वारे क्षीण होतात, पश्चिम प्रशांतात साठलेले उष्ण पाणी पूर्वेकडे सरकते आणि त्या कोरड्या किनाऱ्यावर महापूर येतात. १९९७-९८ मध्ये तर सेचुराच्या वाळवंटात काही काळ एक विस्तीर्ण सरोवर तयार झाले होते. उष्ण पाणी जिथे जाते तिथे हवा वर चढते आणि ढग बनतात, त्या बदल्यात दुसरीकडे हवा खाली उतरते आणि ढग विरतात. ही खाली उतरणारी हवा अनेकदा आपल्या वाट्याला येते.

या शोधाची मुळे थेट आपल्या प्रदेशात आहेत. १८९९-१९०० चा दुष्काळ, ज्याला गुजरातेत आजही ‘छप्पनियो’ म्हणतात, बडोदा संस्थानाला एवढा भोवला की १८९१ ते १९०१ या दशकात संस्थानाची लोकसंख्या सुमारे १९ टक्क्यांनी घटली. त्यानंतर १९०४ मध्ये भारतीय हवामान खात्याची सूत्रे हाती घेतलेल्या गिल्बर्ट वॉकर यांनी, पावसाचा अंदाज आधी सांगता यावा म्हणून, जगभरच्या नोंदी ताडून पाहिल्या. प्रशांत महासागराच्या एका बाजूला हवेचा दाब वाढला की दुसऱ्या बाजूला तो घटतो, हा झोका त्यांच्या ध्यानात आला. समुद्राच्या पाण्याशी त्याची सांगड मात्र जेकब ब्यर्कनेस यांनी १९६० च्या दशकात घातली. पेरूच्या किनाऱ्यावरचे पाणी आणि पंचमहालातले कोरडे शेत यांचा संबंध शोधायला एका दुष्काळाने भाग पाडले, ही गोष्ट आपल्याकडच्या शाळांत शिकवली जात नाही, याचे मला नेहमीच नवल वाटत आले आहे.

तरीही एल निनो म्हणजे दुष्काळ असे समीकरण मांडू नये. १९९७ चा एल निनो विसाव्या शतकातल्या सर्वांत प्रबळ एल निनोंपैकी एक होता आणि त्या वर्षी देशात सरासरीहून किंचित जास्तच पाऊस झाला. २००२ चा त्याहून बराच सौम्य होता आणि पाऊस १९ टक्के कमी पडला. प्रशांताचे पाणी मध्यभागी तापते की पूर्व टोकाला, यावर पुष्कळ अवलंबून असते. शिवाय आपला हिंदी महासागरही स्वस्थ बसत नाही. त्याची पश्चिम बाजू पूर्वेपेक्षा अधिक तापली म्हणजे ज्याला धन द्विध्रुव म्हणतात ती स्थिती निर्माण होते आणि मोसमी पावसाला बहुधा बळ मिळते. १९९७ मध्ये ती होती. २०१९ मध्ये तर ती फारच तीव्र होती: त्याच वर्षाच्या अखेरीस पूर्व आफ्रिकेत पूर आले आणि ऑस्ट्रेलियात कोरड्या पडलेल्या रानांत वणवे भडकले. भारतात त्या वर्षी जून महिना सरासरीच्या एक तृतीयांश तुटीत गेला आणि तरी हंगाम सरासरीच्या ११० टक्क्यांवर संपला.

मात्र आपल्या दाराशी असलेला प्रवाह आणखी वेगळा आहे, आणि मला तो सर्वांत विलक्षण वाटतो. सोमालियाच्या किनाऱ्याला लागून वाहणारा प्रवाह वर्षातून दोनदा दिशा बदलतो. हिवाळ्यात तो नैर्ऋत्येकडे वाहतो. जून ते सप्टेंबर तो ईशान्येकडे उलटतो आणि ऐन हंगामात त्याचा वेग सेकंदाला दोन मीटरच्याही पुढे जातो, म्हणजे जगातल्या अतिवेगवान प्रवाहांत त्याची गणना होते. केनियाच्या किनाऱ्यावरून विषुववृत्त ओलांडून येणारा जो जोरदार वारा आपल्याकडे पाऊस आणतो, तोच हा प्रवाहही ढकलतो. वारा पाणी किनाऱ्यापासून दूर लोटतो, त्या जागी तळाचे थंड पाणी वर येते आणि सोमालिया-ओमानच्या किनाऱ्यालगत पाण्याचे तापमान काही ठिकाणी २० अंशांच्याही खाली उतरते. मे महिन्यात तिशीच्या आसपास तापलेला अरबी समुद्र भर उन्हाळी सूर्याखाली जुलै-ऑगस्टमध्ये गार होतो, तो या कारणाने. मोसमी वारा आपल्याच वाटेवरचा समुद्र थंड करतो आणि त्यातून मिळणाऱ्या बाष्पाला स्वतःच लगाम घालतो. एखाद्या वर्षी हे थंड पाणी वर येण्याचे प्रमाण घटले, तर समुद्र उष्ण राहतो, बाष्प वाढते आणि पश्चिम किनाऱ्यावर पाऊस वाढण्याकडे कल असतो.

चिंतेची गोष्ट अशी की हा समुद्र दीर्घकाळ तापतच आला आहे. पुण्याच्या भारतीय उष्णकटिबंधीय हवामानशास्त्र संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवल्याप्रमाणे १९०१ ते २०१२ या काळात पश्चिम हिंदी महासागर उन्हाळ्यात सुमारे १.२ अंशांनी तापला. त्यांच्याच २०१७ च्या अभ्यासानुसार १९५० ते २०१५ दरम्यान मध्य भारतात विस्तृत प्रदेशावर एकाच वेळी कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या, आणि त्यामागे अरबी समुद्रावरून येणाऱ्या बाष्पाच्या लाटा आहेत. त्या अभ्यासातला मध्य भारताचा पट्टा गुजरातपासून ओडिशापर्यंत पसरतो, म्हणजे बडोदे त्याच्या पश्चिम टोकाला येते. हवा एका अंशाने तापली की तिची बाष्प धरून ठेवण्याची क्षमता सुमारे ७ टक्क्यांनी वाढते, हे भौतिकशास्त्र आहे. त्यात मतभेदाला जागा नाही.

आता बडोद्याकडे वळू. ३१ जुलै २०१९ रोजी शहरात एका दिवसात सुमारे ५०० मिलिमीटर पाऊस कोसळला. तो हंगाम द्विध्रुवाचा होता हे खरे, पण त्याचा पूर्ण जोर सप्टेंबरनंतर दिसला. जुलैअखेरच्या त्या एका दिवसाचे माप त्याच्या पदरात टाकणे मला योग्य वाटत नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये तर प्रशांत महासागरात ना एल निनो होता ना ला निना, म्हणजे एल निनोच्या उलटची थंड स्थिती. तेव्हा कारण वेगळे होते. पूर्वेकडून जमिनीवरून सरकत आलेला कमी दाबाचा पट्टा अतितीव्र होऊन गुजरातवर रेंगाळला आणि दिवसेंदिवस पाऊस पाडत राहिला. पुढे तोच कच्छच्या किनाऱ्यावरून अरबी समुद्रात उतरला आणि ३० ऑगस्टला त्याचे ‘आसना’ हे चक्रीवादळ झाले. अरबी समुद्रात ऑगस्टमध्ये चक्रीवादळ तयार होण्याची १९७६ नंतरची ही पहिली वेळ. जो समुद्र त्या महिन्यात थंड पाण्यामुळे आणि वरच्या थरांतील वाऱ्यांमुळे वादळांना सहसा थारा देत नाही, तिथे ते घडले, म्हणून समुद्राच्या तापण्याचा विचार येथे अवश्य करावा. परंतु बडोद्यातला पाऊस वादळाला नाव मिळण्यापूर्वीच पडून गेला होता, हेही विसरू नये.

आणि मग नदी. विश्वामित्री पावागडच्या डोंगरांतून निघते, शहराच्या मधून नागमोडी वळणे घेत जाते आणि पुढे ढाढरला मिळून खंभातच्या आखाताकडे जाते. काळा घोडा येथील पुलावर धोक्याची पातळी पंचवीस-सव्वीस फुटांची मानली जाते. २०२४ मध्ये पाणी ३५ फुटांच्याही वर गेले. सयाजीराव महाराजांच्या काळात पिण्याच्या पाण्यासाठी बांधलेला आजवा तलाव भरला की त्याचे जादा पाणीही याच पात्रात येते. शहरात कोसळलेला पाऊस आणि वरून आलेले पाणी एकाच वेळी भेटले की समा, कारेलीबाग, फतेगंज, अकोटा येथील घरांत काय होते, ते इथल्या प्रत्येकाने पाहिले आहे. सोसायट्यांच्या आवारात मगरी येतात, त्या बातमीपुरत्याच बाहेरच्यांना ठाऊक असतात. नदीकाठची कोतरे, म्हणजे घळी, पूर्वी हे जादा पाणी काही काळ सामावून घेत. ती भरावाने बुजवली गेली, पात्रालगत बांधकामे चढली आणि पाण्याला पसरायला जागा उरली नाही. २०२५ च्या पावसाळ्यापूर्वी पात्र खोल व रुंद करण्याचे काम हाती घेण्यात आले, ते चांगलेच झाले. पण पात्र खोदल्याने कोतरे परत येत नाहीत. १९२७ च्या जुलैमध्येही गुजरातेत आणि बडोद्यात महापूर आला होता, तेव्हा समुद्र आजच्याएवढा तापलेला नव्हता. म्हणून जो अधिकारी किंवा पुढारी प्रत्येक पुरानंतर ‘हवामानबदल’ एवढा एकच शब्द उच्चारून मोकळा होतो, त्याच्यावर मी विश्वास ठेवत नाही, आणि हवामानबदल हे थोतांड आहे असे म्हणणाऱ्यावर तर त्याहूनही नाही.

पाकिस्तानचे २०२२ चे उदाहरण या दृष्टीने अभ्यासण्यासारखे आहे. सलग तिसऱ्या वर्षी ला निना होती, आधीच्या उन्हाळ्यात भीषण उष्णतेची लाट येऊन गेली होती आणि एरवी उत्तरेकडे वळणारे कमी दाबाचे पट्टे एकामागून एक थेट सिंधवर गेले. १,७०० हून अधिक माणसे मेली, ३ कोटी ३० लाख लोकांना झळ बसली. समुद्राने पुराची शक्यता वाढवली होती यात शंका नाही. तरी सिंधच्या सखल, निचरा नसलेल्या भूमीवर पाणी महिनोन्‌महिने साचून राहिले, ते समुद्रामुळे नव्हे.

आपण बडोद्यात राहात असाल आणि व्यवहाराच्या दृष्टीने विचारत असाल, तर हवामान खात्याचा एप्रिलमधील हंगामी अंदाज वाचताना एल निनो आणि द्विध्रुव यांविषयीचा भाग जरूर पाहावा. त्यावरून हंगाम एकूण ओला जाईल की कोरडा, याचा अंदाज येतो. पूर येईल की नाही, हे त्यावरून कळत नाही, कारण सरासरीहून कमी पावसाच्या वर्षीही एका दिवसात ३०० मिलिमीटर पाऊस पडू शकतो. पुरासाठी जुलै-ऑगस्टमध्ये बंगालच्या उपसागरातून पश्चिमेकडे सरकणाऱ्या कमी दाबाच्या पट्ट्यांवर लक्ष ठेवावे आणि असा पट्टा गुजरातच्या दिशेने येऊ लागला की आजव्याची आणि काळ्या घोड्याची पातळी दिवसातून दोन-तीन वेळा पाहावी. तळमजल्यावर राहात असाल तर कागदपत्रे आणि गाडी त्याच वेळी वर हलवावी. पाणी रस्त्यावर आल्यानंतर ते जमत नाही.